जुन्या संगणकाला कोणता रायटर?

शाळेतला संगणक पंधरा वर्षांचा झाला, पण अजून चालतो. त्यातला सीडी-डीव्हीडी रायटर मात्र केव्हाच बंद पडलेला असतो. ट्रे बाहेर येत नाही. आलाच तर आत जात नाही. आत गेला तर थोडा वेळ घरघर ऐकू येते आणि पडद्यावर 'डिस्क घाला' असा निरोप झळकतो. नवा संगणक घेण्याइतके पैसे नसतात, रायटरपुरते कसेबसे जमतात. अशा वेळी दुकानात गेलो की हमखास ऐकायला मिळते, "सर, आता सीडी कोण वापरतं? पेन ड्राइव्ह घेऊन जा."

हे म्हणणे अगदीच चूक नाही. रोजच्या ने-आणीसाठी पेन ड्राइव्हच बरा. पण शाळेच्या संगणकात काय काय साठलेले असते ते आठवून पाहा. मुलांच्या प्रकल्पांची छायाचित्रे, जुन्या स्नेहसंमेलनांचे ध्वनिमुद्रण, कुठे एखाद्या बाईंनी गावातल्या आज्यांकडून म्हणवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्यातल्या काही आज्या आता हयात नाहीत. हे सगळे एकाच जुन्या हार्ड डिस्कवर असते आणि ती एक दिवस 'टक् टक्' असा आवाज करू लागते.

पेन ड्राइव्हवर प्रत काढली तर? जरूर काढावी. पण पेन ड्राइव्ह या संगणकातून त्या संगणकात फिरतो आणि येताना व्हायरस घेऊन येतो, हे शाळेत कोणाला सांगायला नको. शिवाय त्यातली माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. ड्राइव्ह वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला की हा भार हळूहळू झिरपतो. एकदा लिहून 'बंद' केलेल्या सीडी-आरवर मात्र कोणताही व्हायरस नंतर जाऊन बसू शकत नाही, कोणी चुकून फाइल पुसू शकत नाही, आणि हार्ड डिस्क जळाली तरी त्या तबकडीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून हार्ड डिस्कवर एक प्रत, पेन ड्राइव्हवर दुसरी आणि तबकडीवर तिसरी, अशी विभागणी आम्हांला शहाणपणाची वाटते. एकट्या तबकडीवर मात्र विसंबू नये. ते का, हे पुढे येईलच.

तबकडीवर लिहिले जाते म्हणजे काय?

रायटर निवडायचा तर तो नेमके काय करतो ते आधी पाहू. सीडी ही १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच एक सर्पिल वाट असते. वाटेच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमधले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून जास्त फेऱ्या. माहितीचा भाग साधारण २५ मिलिमीटर त्रिज्येपासून ५८ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत पसरलेला असतो. या कड्याचे क्षेत्रफळ काढून त्याला १.६ मायक्रॉनने भागले की वाटेची लांबी मिळते. हे गणित नववीच्या वर्गात करून घ्यायला छान आहे. उत्तर येते जवळजवळ ५.४ किलोमीटर! डीव्हीडीवर फेऱ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रॉन असते, त्यामुळे तीच वाट पावणेबारा किलोमीटरच्या आसपास जाते.

कारखान्यात छापलेल्या सीडीवर या वाटेत सूक्ष्म खळगे असतात. कोऱ्या सीडी-आरवर खळगे नसतात. तिथे वाट आखून देणारी एक खाच असते आणि तिच्यावर सेंद्रिय रंगाचा पातळ थर. वर चांदीसारख्या धातूचा चकाकता थर आणि त्यावर लाखेसारखे पातळ लेपन. रायटरमधला लेसर वाचताना मंद असतो, लिहिताना कित्येक पटींनी प्रखर होतो. जिथे तो पडतो तिथला रंग तापून बिघडतो. त्या जागेवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, आणि वाचणाऱ्याला ती जागा खळग्यासारखीच भासते. इंग्रजीत याला 'जाळणे' म्हणतात ते यामुळेच, आणि म्हणून रायटरला बर्नरही म्हणतात. जळलेले परत कोरे होत नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूत रंगाऐवजी एक मिश्रधातू असतो. तो कसा तापवला आणि कसा थंड झाला, यावर त्याचे स्फटिकी किंवा अस्फटिकी रूप ठरते. तिची चकाकी बरीच कमी असल्याने जुने ड्राइव्ह ती वाचायला नाकारतात.

सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. तरंगलांबी जितकी लहान तितका प्रकाशाचा ठिपका लहान करता येतो आणि तितकी वाट दाट आखता येते. सीडीवर ७०० मेगाबाइट, डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट आणि एकपदरी ब्लू-रेवर २५ गिगाबाइट मावण्यामागे मुख्य कारण हेच.

वाटांमधले हे अंतर वर्गात मोजता येते. लाल लेसर पॉइंटर (साधारण ६५० नॅनोमीटर) एका पुठ्ठ्याच्या छिद्रातून तबकडीवर सरळ, काटकोनात पाडा. तबकडी पुठ्ठ्यापासून ३० सेंटिमीटरवर ठेवा. परत येणारा प्रकाश पुठ्ठ्यावर अनेक ठिपक्यांत विभागलेला दिसेल. सीडी असेल तर पहिला ठिपका छिद्रापासून सुमारे १३ सेंटिमीटरवर आणि दुसरा सुमारे ४२ सेंटिमीटरवर येतो. डीव्हीडी ठेवली तर पहिलाच ठिपका ५५ सेंटिमीटरवर जातो आणि दुसरा येतच नाही, कारण त्याच्यासाठी कोनाचे साइन एकपेक्षा मोठे यावे लागेल! पुठ्ठा अर्थात तेवढा रुंद हवा. परावर्तित किरण कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर जाणार नाही, याची काळजी आधी घ्या.

आधी संगणकाकडे पाहा

रायटरच्या जाहिराती वाचण्याआधी आपण सगळे ज्याला 'सीपीयू' म्हणतो ते पत्र्याचे खोके उघडा (वायर काढून, अर्थातच). आतल्या बंद रायटरला मागून कोणती केबल लावली आहे, यावर अर्धा निर्णय होतो. दोन बोटे रुंद, चपटी, चाळीस पिनांची पट्टी असेल तर ती आयडीई. अंगठ्याच्या नखाएवढे छोटे टोक असलेली बारीक केबल असेल तर ती साटा. साधारण २००५ ते २०१० या काळातल्या अनेक संगणकांत दोन्ही सोयी असतात; त्याआधीच्यांत बहुधा आयडीईच.

साटा असेल तर काम सोपे. आतल्या मापाचा साटा रायटर सगळ्यांत स्वस्त पडतो, त्याला वीज संगणकाच्या एसएमपीएसमधूनच मिळते आणि चार स्क्रू आवळले की झाले. एसएमपीएसला साटाचे वीजटोक नसेल तर जुन्या चार पिनांच्या टोकावरून ते काढून देणारी छोटी वायर मिळते.

आयडीई असेल तर विचार करावा लागतो. असे रायटर आता नवे बनत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत धुंडाळले तर जुन्या संगणकांतून काढलेले मिळू शकतात. घ्यायला हरकत नाही, पण पारखून. त्याच्या मागच्या बाजूला 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' असा एक इवलासा जंपर असतो. एकाच पट्टीवर दोन उपकरणे असतील तर एक मास्टर आणि दुसरे स्लेव्ह हवे. शिवाय एका पट्टीवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. हार्ड डिस्क आणि रायटर एकाच पट्टीवर असले तर हार्ड डिस्कवरून वाचणे आणि तबकडीवर लिहिणे आळीपाळीने चालते. मदरबोर्डवर दोन जागा असतील तर दोघांना वेगवेगळ्या पट्ट्या द्या.

तिसरा मार्ग यूएसबीने बाहेरून जोडायच्या सडपातळ रायटरचा. इथे यूएसबीची पिढी कळीची ठरते. यूएसबी १.१चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम एक मेगाबाइट. यूएसबी २.०चे विनिर्देश २००० साली आले. त्याचा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट. संगणक २००३ नंतरचा असेल तर बहुतेक २.० असतेच. शंका असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीच्या यादीत 'एन्हान्स्ड' हा शब्द आहे का ते पाहा. नसेल आणि मदरबोर्डवर पीसीआयची खाच रिकामी असेल, तर यूएसबी २.०चे कार्ड लावता येते.

दुसरी अडचण विजेची, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. यूएसबी २.०च्या एका खाचेतून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळायला हवा, असा नियम आहे. सडपातळ रायटर तबकडी फिरवायला लागतो आणि लेसर प्रखर करतो, तेव्हा त्याला याहून जास्त लागू शकतो. मग वाचन व्यवस्थित होते, पण लिहिताना मध्येच संबंध तुटतो, आणि आपण दोष तबकडीला देतो. म्हणून दोन टोकांची केबल असलेला रायटर घ्यावा, म्हणजे दोन खाचांमधून वीज मिळते. तो खोक्याच्या मागच्या खाचांत लावावा. पुढच्या खाचा लांब, बारीक वायरने जोडलेल्या असतात आणि जुन्या संगणकांत त्या बेभरवशाच्या.

आणखी एक मुद्दा. बंद पडलेला संगणक डिस्कवरून सुरू करण्याची वेळ येते, तेव्हा जुन्या बायोसला बाहेरचा रायटर ओळखता येईलच असे नाही. त्या कामासाठी आतला रायटर हवा.

वेगाचा मोह

खोक्यावर ठळक अक्षरांत '५२ एक्स' छापलेले असते. हे ५२ कशाचे? सीडीचा मूळ वेग, म्हणजे एक एक्स, सेकंदाला १५० किलोबाइट. गाणी ऐकायला तेवढाच लागतो. त्या वेगाने तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० आणि बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेरे घेते. ५२ एक्सला बाहेरच्या कडेचा हिशेब मांडला तर दहा हजारांवर फेरे होतात! चकतीची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने धावत असते. याहून वेग वाढवला तर तडा असलेली तबकडी आतल्या आत फुटण्याचा धोका असतो, आणि तसे प्रकार घडलेही आहेत. हा ५२ एक्सही फक्त शेवटी, बाहेरच्या कडेला मिळतो. सुरुवात त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने होते.

डीव्हीडीचा एक एक्स वेगळा, सेकंदाला सुमारे १३८५ किलोबाइट. आतल्या मापाचे रायटर १६ एक्सपेक्षा जास्तही जातात, बाहेरचे सडपातळ सहसा ८ एक्सपर्यंत. पूर्ण डीव्हीडी लिहायला एकाला पाच-सहा मिनिटे लागतील तर दुसऱ्याला दहाबारा. शाळेला या पाच मिनिटांनी काय फरक पडतो? वेगाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या संगणकाच्या बाबतीत वेग कमी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. लिहिताना लेसरला माहिती अखंड मिळावी लागते. रायटरमध्ये एक-दोन मेगाबाइटची साठवणटाकी असते. १६ एक्सने सीडी लिहिताना सेकंदाला २.४ मेगाबाइट लागतात, म्हणजे दोन मेगाबाइटची टाकी सेकंदाच्या आत रिकामी. तेवढ्यात संगणक दुसऱ्या कामात अडकला तर पूर्वी तबकडी वाया जात असे. मुलांना 'कोणी हलू नका' म्हणून सांगण्याचे ते दिवस अनेकांना आठवत असतील. सान्यो कंपनीने २००० साली 'बर्न-प्रूफ' हे तंत्र आणले. त्यात टाकी रिकामी होत आली की लेसर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि माहिती आली की तिथूनच पुढे सुरू करतो. इतर कंपन्यांनीही आपापल्या नावांनी तेच केले. हाताशी आलेला जुना रायटर २००१च्या आधीचा असेल तर ही सोय नसण्याची शक्यता मोठी. निर्मितीचा महिना-वर्ष त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेले असते.

विंडोज एक्सपीत एक छुपी गंमत आहे. आयडीई उपकरणाशी बोलताना काही वेळा चुका झाल्या की एक्सपी वेगवान डीएमए पद्धत सोडून संथ पीआयओ पद्धतीवर उतरते आणि तिथेच राहते. मग प्रोसेसर सगळा वेळ माहिती वाहण्यात घालवतो, आणि बिचारा रायटर मंद झाला असे वाटते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती आयडीई वाहिनी काढून टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा. बहुधा प्रश्न सुटतो. रायटर टाकून देण्याआधी हे नक्की करून पाहा. एक्सपी स्वतःहून सीडी लिहिते, पण डीव्हीडी-आर नाही. त्यासाठी 'इमगबर्न'सारखा मोफत प्रोग्रॅम चालतो. तो बसवताना नको असलेल्या इतर प्रोग्रॅमपुढच्या खुणा मात्र काढून टाका. लिनक्स असेल तर के३बी किंवा ब्रासेरो आहेच. एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये थांबवला, तेव्हा असा संगणक इंटरनेटला न जोडता ठेवलेला उत्तम.

वापरलेला घ्यावा का?

रायटरमधली सगळ्यांत आधी थकणारी वस्तू म्हणजे लेसर. लिहायला जास्त शक्ती लागते, त्यामुळे थकलेला रायटर वाचतो नीट, पण लिहीत नाही. दुकानात तबकडी घालून चित्र दाखवले जाते, ती पुरेशी परीक्षा नव्हे. एक कोरी डीव्हीडी बरोबर न्या आणि ती पूर्ण भरून, 'व्हेरिफाय' करून मागा. पूर्ण भरण्याला अर्थ आहे. दोष बहुधा बाहेरच्या कडेला उघड होतात, कारण तिथे तबकडीचे डुगडुगणे जास्त असते. दुकानदार वीस मिनिटे द्यायला तयार नसेल तर दुसरे दुकान गाठा.

ट्रे अडकणे हा दोष मात्र किरकोळ असतो. आतल्या मापाच्या रायटरमध्ये ट्रे ढकलणारा छोटा रबरी पट्टा असतो, तो सैल पडतो. पट्टा बदलला की ट्रे सुरळीत चालतो. पुढच्या बाजूच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची टाचणी घातली की ट्रे हाताने उघडता येतो, हे ठाऊक असलेले बरे.

नव्यात नावाजलेल्या कंपनीचा बाहेरचा रायटर दोन ते चार हजारांच्या घरात पडतो. बिननावाचे त्याच्या निम्म्यालाही मिळतात. त्यांत कधी जुन्या लॅपटॉपमधून काढलेले यंत्र नव्या खोक्यात घातलेले असते. तपासून, परत करण्याची मुदत लिहून घेऊनच ते घ्यावेत.

सगळा विचार करता, संगणकात साटा असेल आणि तो अजून काही वर्षे वापरायचा असेल, तर आतला साटा रायटर. अन्यथा दोन टोकांच्या केबलचा, यूएसबी २.०चा, ओळखीच्या कंपनीचा बाहेरचा रायटर. तो शाळेतल्या सगळ्या संगणकांना आळीपाळीने लावता येतो, आणि हा संगणक संपला तरी पुढच्याला कामी येतो. ब्लू-रे रायटरच्या मागे शाळेने लागू नये. रायटरही महाग, तबकड्याही महाग, आणि सोनीने तर २०२५च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादनच थांबवले.

तबकडीचे काय?

चांगल्या रायटरने वाईट तबकडीवर लिहिले तर हाती काही लागत नाही. एके काळी नोएडाजवळच्या मोझर बेअर या भारतीय कंपनीच्या तबकड्या जगभर जात. चित्रपटांच्या स्वस्त सीडीही तिने काढल्या होत्या. २०१८ साली ती कंपनी अवसायनात गेली. आता बाजारात जुना साठा आणि कमी-अधिक प्रतीचा माल एकत्र दिसतो. एकदम शंभर घेण्याऐवजी आधी पाच-दहा घ्या, लिहून तपासा, मग पुढचे ठरवा. लिहिताना सर्वांत जास्त नव्हे, तर मधला वेग निवडा. जुन्या प्लेअरवर लावायची असेल तर डीव्हीडी-आर घेणे जास्त सुरक्षित.

सीडीवर ओरखडा पडला तरी ती वाचते, यामागे अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेले गणित आहे. माहितीबरोबर काही जादा आकडे लिहिलेले असतात आणि ते दूरदूर विखुरलेले असतात. वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा सलग बुजला तरी उरलेल्यावरून मूळ माहिती काढता येते. म्हणूनच सीडी पुसायची ती मधून कडेकडे, गोल गोल नव्हे. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो वाटेच्या दिशेने जातो आणि हे गणित हरते.

सीडीची नाजूक बाजू चकाकणारी नव्हे, नाव लिहायची आहे. तिथे धातूवर फक्त लेपन असते, तर खाली मिलिमीटरभर प्लॅस्टिक. बॉलपेनने नाव लिहिले की खालचा धातू दबतो. डीव्हीडीत माहिती दोन अर्ध्या चकत्यांच्या मध्ये असते, म्हणून ती त्या बाबतीत बरी. पाण्याची शाई असलेल्या मऊ टोकाच्या पेनाने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. चिकटवायची चिठ्ठी लावू नये. एका बाजूचे वजन वाढून तबकडी डुगडुगते. सेंद्रिय रंग उन्हाने विटतो, म्हणून खिडकीच्या कडेला ठेवू नका. कोकणात दमटपणाची भर पडते. २००१ साली बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीत बुरशी शिरून तिने आतला थर खाल्ल्याचे स्पेनमधील संशोधकांनी दाखवले होते! हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून तबकड्या उभ्या ठेवाव्यात. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की एकेक लावून पाहावी, आणि वाचायला अडखळणारी दिसली तर लगेच नवी प्रत काढावी.

बंद पडलेला जुना रायटर भंगारात देऊ नका. त्यातला लेसर वीज न देता काढून, फोडून टाका. डीव्हीडी रायटरचा लेसर डोळ्याला कायमची इजा करू शकतो, तो मुलांच्या हाती जाता कामा नये. मग उरते ते भिंग, दांड्यावर सरकणारी गाडी, आणि सडपातळ रायटरमध्ये तिला ढकलणारी चिमुकली स्टेपर मोटर. या मोटरच्या दोन तारांना एलईडी जोडा आणि तिचा दांडा बोटांनी झरकन फिरवा. एलईडी लुकलुकेल, आणि आठवीला जनित्र शिकवायला त्याहून स्वस्त साधन मिळणार नाही.